पुतळ्याच्या अंगावरचा सूट

मला शॉक लागला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. मी कशालाही हात लावला नव्हता. विजेला माणसापर्यंत यायला दर वेळी तार लागत नाही. दाब मोठा असेल आणि यंत्रात काही बिघडलेलं असेल तर ती हवेतूनच उडी घेते. आमच्या कामात त्याला आर्क म्हणतात. वेल्डिंगची ठिणगी एकदम खोलीएवढी झाली तर कशी दिसेल, तशी ती दिसते. टिकते क्षणभरच. पण त्या क्षणात जी उष्णता निघते ती माणसाला किती खोल भाजेल, हे बरंचसं त्याच्या अंगावर कोणतं कापड आहे यावर असतं.

माझ्या अंगावर सुरक्षा सप्ताहाचा टी-शर्ट होता.

भाजलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. जे विजेच्या खोल्यांमध्ये काम करतात आणि अजून भाजलेले नाहीत, त्यांच्यासाठी त्याहून जास्त. धीर कसा धरावा हे माझ्याकडून शिकू नका, मला तो फारसा जमला नाही. मी चिडलेली होते आणि अजून आहे. उपचारांच्या काळात हा राग मला औषधासारखा लागू पडला, म्हणून तो लपवणार नाही.

त्या सकाळचे कपडे

नागपूरजवळ मौद्याच्या बाजूला एक कारखाना आहे. नाव लिहीत नाही. तिथे मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. आयटीआयला वर्गात मी एकटी मुलगी होते, तेव्हापासून पाना-पक्कड हातात आहे. रोज मानेवाड्याहून कंपनीच्या बसने जाते. ड्यूटीवर अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काही घालत नाही. सगळं घरी डब्यात. सासूबाई होत्या तोवर त्यांना ते खटकायचं. भाजल्यावर बोटं सुजली तेव्हा अंगठी कापायची वेळ आली नाही आणि गळ्यात तापलेली साखळी रुतली नाही. नियम पाळणारी बाई आहे मी, एवढंच सांगायचं आहे.

आमच्याकडे सुरक्षा सप्ताह म्हणजे गेटवर मंडप, रांगोळी, घोषवाक्यांची स्पर्धा आणि सगळ्यांना टी-शर्ट. त्या वर्षीचा भडक नारिंगी होता, चकचकीत, पाठीवर 'सुरक्षा आधी, काम नंतर' असं छापलेला. आठवडाभर सगळ्यांनी तोच घालायचा, असा हुकूम होता. फोटोत सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. आमचा नेहमीचा जाड सुती युनिफॉर्म तेवढे दिवस घरी.

मंडपात काचेचं एक कपाट होतं. त्यात कपड्याच्या दुकानात असतो तसा पुतळा, आणि पुतळ्याच्या अंगावर आर्क सूट. आर्क सूट म्हणजे जाड कापडाचा लांब कोट, तशीच पँट, आणि डोक्यापासून खांद्यापर्यंत येणारा टोप, ज्याला समोर काच असते. हे कापड आग लागली तरी पेट घेत नाही, वितळत नाही, काळं पडून कडक होतं आणि ज्योत दूर झाली की विझतं. आत माणूस वाचतो. कारखान्यात असा सूट एकच होता. एरवी तो सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीला कुलपात असायचा. मागितला की मिळायचा, पण इतके प्रश्न विचारून मिळायचा की माणसं मागत नसत.

त्या सकाळी स्विचगियरच्या खोलीत, म्हणजे जिथून सगळ्या कारखान्याची वीज चालू-बंद होते तिथे, एक ब्रेकर, चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला मोठा स्विच, अडकला. त्याची ट्रॉली बाहेर ओढल्याशिवाय एक मोठं मशीन सुरू होणार नव्हतं आणि दुपारी पाहुण्यांना ते चालू दाखवायचं होतं. मी सेफ्टी ऑफिसरला फोन केला आणि सूट मागितला. नितीन सर म्हणू त्याला. वाईट माणूस नाही, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. तो हसला.

"मॅडम, पाहुणे गेटवर येऊन राहिले. आता पुतळ्याले उघडं करता काय?"

त्याच्या आजूबाजूला उभे होते तेही हसले. मला फोनवर ऐकू आलं.

मी नाही म्हणू शकले असते. मग त्यांनी देवरावला पाठवलं असतं. देवराव माझ्या हाताखालचा टेक्निशियन. मौद्याजवळच्या गावाचा, बुटका, कमी बोलणारा, घरी थोडी शेती. पंधरा-वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतो आहोत. तो दारात उभा राहिला आणि मी आत गेले.

पुढचं मला पांढरं आठवतं. आवाज नंतर आला. मी पडले नाही, उभीच होते. आणि पहिला विचार हा आला की या खोलीत कोणीतरी प्लास्टिक जाळतंय. ते प्लास्टिक माझ्या अंगावर होतं.

देवरावने मला ओढून बाहेर काढलं आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन एकामागे एक अंगावर ओतले. मग टी-शर्ट काढायला हात घातला. तेव्हा मी ओरडले, "ओढू नको गा, कातडी निघन." हे लक्षात ठेवा. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. साधं पाणी ओतत राहायचं आणि कापड डॉक्टरांना काढू द्यायचं. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावायचं नाही. माझ्या वेळी गर्दीत एकाने टूथपेस्ट आणायला माणूस पिटाळला होता.

झाकलं होतं तिथे

धंतोलीत दवाखान्यांची काय दाटी आहे, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. रस्त्यावर गाडी उभी करायला जागा नसते आणि ॲम्ब्युलन्स माणसांच्या खांद्याखांद्यातून वाट काढते. त्यातल्या एका हॉस्पिटलात मला नेलं. भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, बारीक चणीच्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी माझ्या अंगावरचा टी-शर्ट कात्रीने तुकड्यातुकड्यात काढला. जो निघाला नाही तो त्या दिवशी तसाच ठेवला.

संध्याकाळी माझे यजमान प्रकाश आणि मी, दोघांसमोर त्यांनी साफ सांगितलं. चेहरा, मान, हात हे वरवर भाजलेले आहेत, सुजतील, काळे पडतील, पण आपले आपण भरतील, बोटं मात्र थोडी आखडतील. खांदे, छाती, पोट, पाठ इथली जखम खोल आहे. तिथे मांडीची त्वचा काढून लावावी लागेल.

मी विचारलं, असं उलटं कसं? चेहरा तर उघडा होता.

त्या म्हणाल्या, "तेच सांगते आहे. उघडं होतं तिथे कमी आहे. झाकलं होतं तिथे जास्त."

दंडावर त्यांनी बोट फिरवून दाखवलं. बाही जिथे संपत होती तिथे सरळ रेघ होती, शिंप्याने खडूने आखावी तशी. रेघेच्या खाली जखम उथळ, वर खोल. मी काहीही न घालता त्या खोलीत गेले असते तर यापेक्षा कमी भाजले असते. हे मी मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं, मला नीट कळलं आहे ना म्हणून. कंपनीने सुरक्षेसाठी अंगावर घालायला दिलेल्या कपड्यापेक्षा नुसतं अंग बरं होतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही सेफ्टीच्या व्याख्यानात मी ऐकलेली नाही, कारण व्याख्यान देणारे पुरुष असतात आणि ऐकणारेही. माझ्या दोन्ही खांद्यांवर दोन पट्टे सगळ्यात खोल आहेत. ते ब्राच्या पट्ट्यांचे आहेत. नायलॉन. बायांनो, वरून कितीही चांगला सूट घाला, आतला कपडा सुती पाहिजे. पुरुषांनाही हेच लागू आहे.

माया सिस्टर

हॉस्पिटलातला दिवस ड्रेसिंगच्या भोवती फिरतो. ड्रेसिंगच्या आधी भीती आणि नंतर थकवा, असे दिवसाचे दोनच भाग. पट्ट्या खारट पाण्याने भिजवतात, मग सोडवतात. औषध देतात, तरी दुखतं. किती, ते लिहून उपयोग नाही.

ड्रेसिंगला माया सिस्टर असायची. भंडाऱ्याची, माझ्याच वयाची, दणकट हातांची. पहिल्याच दिवशी तिने मला नियम सांगितला, "मॅडम, रडाचं असन तं खुशाल रडा, पण हात हालवू नका. तुमचं रडणं मले चालते, हालणं नाही चालत." मी रडले नाही, शिव्या दिल्या. कारखान्यात इतकी वर्षं काढल्यामुळे माझ्याकडे साठा बरा होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, आज नवीन काही नाही काय, तेच तेच ऐकून राहिली मी. मी हसले आणि हसताना ओठ फाटला.

चेहरा सुजून डोळे मिटले होते ते उघडले तेव्हा पहिल्यांदा मी प्रकाशकडे पाहिलं. तो सलाइनच्या बाटलीकडे पाहत होता. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी बोलताना त्या बाटलीकडेच पाहायचा. मला राग यायचा. माझं तोंड बघवत नसेल तर ते सांगा, बाटलीशी काय बोलता, असं एकदा म्हटलंही. तो उठून बाहेर गेला. कॉरिडॉरमध्ये उभा राहून ड्रेसिंगच्या वेळचं सगळं तो रोज ऐकत होता, हे मला माया सिस्टरने सांगितलं. मी तेवढा विचार केला नव्हता.

प्रकाश एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमच्या घरी कधी अंडं शिजलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की नवी कातडी यायची तर रोज भरपूर अंडी खा. तर या माणसाने विजेची किटली आणली, आमच्या गॅलरीत ठेवली आणि त्यात अंडी उकडायला लागला. स्वयंपाकघरात नाही, गॅलरीत. सोलता येत नसत, निम्मं पांढरं सालीबरोबर जायचं. स्टीलच्या डब्यात ती खडबडीत अंडी घालून तो रोज यायचा आणि बाटलीकडे पाहत मला भरवायचा. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी त्याला चमच्याने भरवू द्यावं. उपकार म्हणून नव्हे, त्यालाही काहीतरी काम लागतं.

एक ओळ

ग्राफ्टिंगच्या, म्हणजे मांडीची त्वचा लावायच्या, पहिल्या ऑपरेशननंतर कंपनीकडून दोघं आले. नितीन सर आणि एचआरच्या एक बाई. फळांची टोपली, आणि टोपलीखाली एक टाइप केलेला कागद.

कागदात लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी मी आर्क सूट न घालता काम करत होते. बस्स, एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तीच त्यातली हुशारी होती.

बाईंनी सही मागितली. मी दोन्ही हात वर केले. बोटं कुठे आणि मनगट कुठे हे समजू नये एवढं बँडेज होतं. बाई म्हणाल्या, "अंगठा दिला तरी चालेल." मी म्हटलं, "यातला अंगठा कोणता ते तुम्हीच शोधा." नितीन सर खाली पाहत होता. मग बाई प्रकाशकडे वळल्या, की घरच्यांनी साक्षीदार म्हणून केली तरी होईल.

प्रकाशने पेन घेतलं.

मी त्याला थांबवलं आणि बाईंना सांगितलं, "खाली एक ओळ वाढवा. सूट त्या वेळी कुठे होता आणि किल्ली कोणाकडे होती. मग मी दातात पेन धरून सही करते."

बाईंनी नितीन सरकडे पाहिलं. ते कागद घेऊन गेले, टोपली राहिली. माया सिस्टरने फळं वॉर्डभर वाटली आणि संत्री चांगली आहेत म्हणाली.

ते गेल्यावर प्रकाश बोलला, आणि या वेळी माझ्याकडे बघून. "काहून वाकड्यात शिरून राहिली तू? सही केली असती तं काय बिघडलं असतं? उद्या त्यायनं हात वर केले तं? अजून दोन ऑपरेशनं बाकी हायेत. तुले कामावर नाही घेतलं तं?"

तो चूक नव्हता. घाबरलेल्या माणसाचे प्रश्न बहुतेक वेळा बरोबरच असतात. मी त्याला एवढंच विचारलं की माझ्यानंतर त्या खोलीत कोण जाणार आहे. तो म्हणाला, तुले त्याच्याशी काय करायचं. आम्ही दोनतीन दिवस कामापुरतं बोललो. अंडी मात्र येत राहिली.

शोभाताई आणि धागा

त्या खोलीत देवराव जाणार होता. तो भेटायला आला तेव्हा ते कळलं. तीच ट्रॉली, दुरुस्त करून परत बसवायची. सूट? सप्ताह संपला होता, पुतळा मंडपातून सेफ्टी ऑफिसच्या दाराशी आला होता, काचेच्या कपाटासकट, अंगावर सूट तसाच. बघायला चांगला दिसतो म्हणून साहेबांनी तिथेच ठेवायला सांगितलं होतं.

आणि देवरावने तोच नारिंगी टी-शर्ट घातला होता. फुकट मिळालेला, अजून नवा कोरा, रोज घालत होता.

माझ्या उशाशी शोभाताई बसल्या होत्या. या माझ्या थोरल्या नणंदबाई. इतवारीत साडी घ्यायला गेल्या की दुकानदाराला पदराचा धागा काढून जाळून दाखवायला लावतात, त्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. सुताची राख होते, ती बोटांनी चुरली जाते. भेसळ असली की गोळी होते. दुकानदार त्यांना ओळखतात आणि काडेपेटी हातात घेऊनच बसतात. शोभाताईंनी देवरावच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"हे काय घालून आला गा तू?"

"कंपनीचा हाये, ताई."

"चाल खाली."

त्या त्याला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेल्या. परत आले तेव्हा देवरावने वर स्वतःचा टॉवेल गुंडाळला होता आणि टी-शर्ट पिशवीत होता. त्याने माझ्यासमोर तळहात उघडला. त्यावर एक काळी टणक गोळी होती, मोहरीएवढी. धागा जळला नव्हता, आक्रसून वितळला होता.

"ताईनं थो गरम थेंब माह्या बोटावर टाकला," देवराव म्हणाला. "पुसला तं निघे ना. आतच शिरून राहिला होता."

"मंग कसं समजन तुले?" शोभाताई म्हणाल्या.

टी-शर्टचा प्रश्न देवरावपुरता सुटला. सूटचा सुटला नाही. मी त्याला सांगितलं, खोलीत जाण्याआधी मला एक मिस कॉल द्यायचा आणि बाहेर आलास की दुसरा. तो हो म्हणाला. पुढचं वर्षभर, एक दिवस सोडला तर, त्याने ते पाळलं.

दुसरा टी-शर्ट

घरी आल्यावर लोकांना वाटतं, झालं. आता खरं काम सुरू होतं. लावलेली त्वचा जाड आणि आवळलेली होऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारा दाबाचा कपडा घालावा लागतो. गळ्यापासून कमरेपर्यंत, बाह्या कोपरापर्यंत. आंघोळीपुरता काढायचा. एका टी-शर्टची शिक्षा दुसऱ्या टी-शर्टने भोगायची. आणि नव्या त्वचेला घाम येत नाही, त्यामुळे नागपूरचा मे महिना आत कोंडून राहतो. मी कूलरसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि उरलेल्या अंगाला जेवढा घाम येत होता तेवढ्यावर भागवायचे. खाज एवढी की दुखणं परवडलं. खोबरेल तेल, थंड पट्टी, आणि खाजवायचं नाही. जमेल तसं.

त्या काळात फोन माझ्या मांडीवर असायचा. एक मिस कॉल आला की मी कूलरचं बटण कमी करायचे, दुसरा ऐकू यावा म्हणून. आला की परत वाढवायचे. एकदा दुसरा आलाच नाही. मी लावला तर उचलेना. प्रकाश म्हणाला, रेंज नसन. मी त्याला स्कूटर काढायला लावली. मौद्यापर्यंत जायच्या अवस्थेत मी नव्हते आणि त्यालाही ते माहीत होतं, तरी त्याने किक मारली. गेटबाहेर पडता पडता फोन वाजला. देवराव जेवायला बसला होता, विसरला होता. मी त्याला जे बोलले ते सगळ्या गल्लीने ऐकलं. प्रकाशने स्कूटर बंद केली आणि तसाच सीटवर बसून राहिला. मग म्हणाला, "त्या कागदावर सही केली असती तं हे मी तुले कोणत्या तोंडानं म्हटलं असतं." वाक्य धड जुळलेलं नव्हतं, पण देवरावला खरंच काही झालं असतं तर, असं त्याला म्हणायचं होतं, ते मला समजलं. त्या दिवसानंतर तो माझ्या तोंडाकडे बघून बोलतो.

मध्ये मी कंपनीला दोनदा लिहून कळवलं की सूट खोलीच्या दाराशी पाहिजे, काचेत नको, आणि टी-शर्ट सुती द्या. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

मंडपात

वर्ष सरताना मी कामावर परतले. हात पूर्वीसारखे चालत नव्हते म्हणून मला कंट्रोल रूममध्ये टेबलावर बसवलं. काढलं मात्र नाही. प्रकाशची भीती तेवढी खोटी ठरली. थोड्याच दिवसांत सुरक्षा सप्ताह आला. आणि मला स्टेजवर बोलावलं. चार प्रेरणादायी शब्द बोला म्हणाले. या वर्षीचा टी-शर्ट हिरवा होता. माझ्या हातात दिला आणि फोटो काढला. तेच चकचकीत कापड.

मी पर्समध्ये कात्री, पक्कड आणि लायटर घेऊन गेले होते. टी-शर्टची एक पट्टी कापली, पक्कडीत धरली. पंख्यामुळे लायटर दोनदा विझला, मग पेटला. पट्टी आधी आक्रसली, मग गळायला लागली. थेंब खालच्या स्टीलच्या ताटात पडत होते, पेटलेलेच. मी माइकवर सांगितलं की माझ्या पाठीवर हे असं झालं. आतल्या कपड्यांचंही सांगितलं, आहे त्या शब्दांत. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा एकदा सांगितलं. मग कोणी हसलं नाही.

शेवटी मी नितीन सरला, पुन्हा मंडपात आणून ठेवलेलं ते काचेचं कपाट उघडायला सांगितलं. त्याच्या खिशातच किल्ली होती. सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही. पुतळ्याची बाही ओढून मी तिच्या कडेला लायटर धरला. नितीन सर म्हणाला, "मॅडम, खराब होईन ना तो." कापड काळं पडलं, धूर आला, ज्योत काढली तसं विझलं. एक डाग राहिला.

टाळ्या वाजल्या नाहीत. संचालन करणाऱ्याने आभार मानले, समोसे वाटले, कपाट पुन्हा कुलपात गेलं. टी-शर्ट कोणी परत घेतले नाहीत. घरी येताना बसमध्ये मी एवढी चिडले होते की शेजारीण उठून पुढे जाऊन बसली.

देवराव

दोन दिवसांनी तोच ब्रेकर पुन्हा अडकला. दुपारची वेळ, बाहेर ऊन तापलेलं, उत्पादनाची लाइन बंद. मी कंट्रोल रूममध्ये होते. देवराव माझ्या टेबलाशी आला, घरून आणलेला जुना सुती शर्ट घातलेला, आणि माझ्याच फोनवरून त्याने सेफ्टी ऑफिसला सूट मागितला. उत्तर आलं की पाहुणे आहेत, आज राहू दे, एवढंसं काम आहे.

देवरावने फोन ठेवला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. एवढ्या वर्षांत तो कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसलेला मी पाहिला नव्हता. लाइन बंदच राहिली. थोड्या वेळाने नितीन सर आला, समजावून गेला. मग प्लांटचे मोठे साहेब स्वतः खाली आले, काय अडलंय विचारायला. मी बोलणार होते. देवरावने हाताने मला थांबवलं आणि उभा राहिला.

"पुतळ्याले उघडं करा, साहेब," तो म्हणाला. "मंग मी जातो."

साहेबांना आधी समजलं नाही. नितीन सरला समजलं. तो माझ्याकडे न बघता गेला आणि सूट हातावर टाकून घेऊन आला. पाहुण्यांनी उघडा पुतळा पाहिला की नाही, मला माहीत नाही.

सूट देवरावला लांब होता, पँट टाचेखाली लोळत होती. मी स्वतः त्याचा टोप बसवला, गळ्याची पट्टी लावली. माझी बोटं नीट वळत नाहीत, वेळ लागला. तो आत गेला. मी दारात उभी राहिले, जिथे वर्षापूर्वी तो उभा होता. ट्रॉली निघाली, काही झालं नाही. बाहेर येऊन त्याने टोप काढला तेव्हा तो डोक्यापासून खाली पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला होता, आणि त्याने त्या सुटाला, उन्हाला आणि मला मिळून एक शिवी दिली. ती माझ्या साठ्यात नव्हती. माझ्या खिशातला फोन वाजला नाही. वाजायची गरज नव्हती.

सूट परत काचेत गेला नाही. देवराव तो द्यायलाच तयार नव्हता. स्विचगियर खोलीच्या दाराशी एक खुंटी ठोकली आहे, तिथे असतो. नंतर आणखी दोन आले, त्यातला एक माझ्या मापाचा आहे. टी-शर्ट अजूनही तेच येतात. आमच्या खात्यातली माणसं त्यांनी गाड्या पुसतात. पुढच्या वर्षी तेही बदलायला लावेन.

आधी त्या सुटाला डांबरगोळ्यांचा वास यायचा. आता जवळ गेलं की घामाचा येतो, चांगला उग्र, आणि बाहीवर माझा काळा डाग आहे. जाता-येता मी हात लावून बघते, जागेवर आहे ना.

पुतळा स्टोअरच्या कोपऱ्यात उघडा उभा आहे. परवा बघून आले. त्याला काहीही झालेलं नाही.